तणसाचा रंग

मनसाराम लोहार माझा मित्र. आठ वर्षं त्याने मला फसवलं. मला एकट्याला नव्हे, अख्ख्या गावाला आणि वैनगंगेच्या पलीकडून त्याच्याकडे कुऱ्हाडी घेऊन येणाऱ्या माणसांनाही. हे सगळं भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललेलं. आता आठवलं की मला मनसारामचा राग येत नाही, स्वतःचाच येतो. एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर माझ्या नजरेचा दरारा होता. बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेल्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस मी नुसत्या मानेवरून ओळखायचो. निवृत्त झालो आणि रोज सकाळी मनसारामच्या सपरीत, भट्टीवरच्या त्या छपराखाली, उलट्या ठेवलेल्या डब्यावर जाऊन बसायला लागलो. आठ वर्षं बसलो आणि मला काही म्हणता काही दिसलं नाही.

आमचं गाव ब्रह्मपुरीहून अठरा किलोमीटर. एका अंगाला तलाव आणि धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. मनसारामची भट्टी जंगलाच्या बाजूला, गावाच्या टोकाशी. विळे, कुऱ्हाडी, सब्बल, नांगराचे फाळ, सगळं तिथे व्हायचं. लोखंड ठोकणारे आसपास आणखी चौघे आहेत, पण लोक मनसारामकडे यायचे ते पाण्यासाठी. पाणी देणं म्हणजे पातं लालभडक तापवून एकदम थंड करायचं, मग पुन्हा मंद आचेवर धरून त्याचा ताठा उतरवायचा. त्या मंद आचेवर घासलेल्या पात्याचा रंग पालटत जातो. आधी फिकट पिवळा, सुकलेल्या तणसासारखा, म्हणजे धानाच्या काडासारखा. मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. विळ्याला एक रंग, कुऱ्हाडीला दुसरा; हवा तो आला की पातं पाण्यात बुडवून तिथेच थांबवायचं. रंग अलीकडे राहिला तर धार फुटते, पलीकडे गेला तर वाकते. मनसारामचं पाणी कधी चुकायचं नाही. माझ्या बायकोकडे त्याचा विळा आहे, चौदा वर्षं झाली, अजून नुसता टेकवला तरी धानाची पेंडी सुटते.

घणावर त्याची बायको, ताराबाई. लोहाराच्या घरी घण बाईनेच उचलायचा, त्यात नवल काही नाही. साठीला आलेली, अंगाने किडकिडीत, पण मनगटं अशी की माझा हात तिच्या हातात द्यायची मला भीती वाटली असती. ठोकाठोकी झाली की ती भट्टीला वारा देणाऱ्या पंख्याचं चाक फिरवायला बसायची. गालात सदा खर्रा. तंबाखू-सुपारीच्या त्या खर्र्यापायी तिने नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, पोरीच्या खाल्ल्या, माझ्याही खाल्ल्या, सोडला मात्र नाही. आणि तिची एक गंमत होती. नेमकं पाणी द्यायच्या वेळी ती चाक सोडून उठायची आणि सपरीच्या कडेला जाऊन थुंकायची.

"बाई, तुमचा खर्रा लय हुशार हाय," मी म्हणायचो. "बरोबर पाण्याच्या टायमालेच थुंकी येते तुमाले."

तोंड भरलेलं, त्यामुळे ती नुसती डोळ्यांनी हसायची. मनसाराम हसायचा नाही. तो पातं पाण्याच्या डोणीत बुडवण्यात गुंतलेला असायचा. मी हा विनोद आठ वर्षांत शंभर वेळा तरी केला असेल.

वस्तऱ्याचं प्रकरण सुरू झालं ते मागल्या पौषात. आमच्या गावचा श्रीहरी न्हावी. ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर त्याचं सलून आहे, फिरती खुर्ची, चारी बाजूंनी आरसे, दाढीला दर वेळी नवं ब्लेड. पण दहाव्याला नदीवर मुंडन करायला जाताना तो वेगळा वस्तरा न्यायचा. तो वस्तरा मनसारामच्या आज्याने, झिंगू लोहाराने, श्रीहरीच्या आज्याला घडवून दिलेला. जिवंत माणसाच्या दाढीला तो कधी लागायचा नाही, फक्त मेलेल्याच्या घरच्या माणसांच्या डोक्याला. आमच्या घरी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून दहावा नाही, मुंडन नाही, त्यामुळे तो वस्तरा माझ्या वाट्याला आला नाही. पण गावातल्या बाकी सगळ्या घरांचे पुरुष कधी ना कधी त्याच्याखाली मान घालून बसलेत. सोमाजीच्या दहाव्याला तो श्रीहरीच्या हातून निसटला, घाटाच्या दगडावर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. उरलेलं डोकं श्रीहरीने ब्लेडने उरकलं. सोमाजीच्या लेकांनी त्यावरून महिनाभर तोंड वाजवलं.

श्रीहरी ते तुकडे रुमालात बांधून मनसारामकडे आला. "भाऊ, असाच करून द्या. अदमासानं नाई, असाच."

मनसारामने तुकडे हातात घेतले आणि बराच वेळ बोटांनी चाचपत बसला. त्याने जन्मात वस्तरा केला नव्हता. बापाला एकदा करताना पाहिलं होतं तेवढंच. आणि हा जुना वस्तरा घासून घासून इतका झिजलेला की मूळचं पातं केवढं रुंद होतं ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्याने मुठीकडे मोर्चा वळवला. मूठ म्हशीच्या शिंगाची, मधोमध चिरलेली, पातं मिटलं की त्या चिरेत बसायचं. त्याने चिरेत बोटाचं नख घातलं, आत वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि म्हणाला, "इथी टेकत होती धार. नवा होता तवा." मग चिरेत मऊ मेण दाबून भरलं, गार झाल्यावर अलगद काढलं. झिंगू लोहाराचं पातं, शंभरेक वर्षांपूर्वीचं, मेणाचं होऊन त्याच्या तळहातावर आलं. मी चाटच पडलो.

फळीवर खडूने त्याचा आकार काढायची वेळ आली तेव्हा त्याने खडू ताराबाईच्या हातात दिला. "तू काढ, तुहा हात हलका हाय." मला ते मायेचं वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचं इतकं कौतुक, म्हणून मी घरी जाऊन माझ्या बायकोलाही सांगितलं.

पण ताराबाईला हे काम मनातून नको होतं. दहाव्याचा वस्तरा मरण झाल्यावरच घडवायचा, दहाव्याच्या आत पुरा करायचा, अशी इथली रीत. आधी करून ठेवला तर तो गावात माणूस शोधतो असा समज. ती घण टेकवून उभी राहिली.

"कोणी मरन तवा करा. आतापासून कोणासाठी करता?"

"नऊ दिवसात वस्तरा होत नाई, तारा. घासायलेच पंधरा रोज लागते."

"म्हणून आधीच करून ठेवान?"

"पाणी नाई देत ना. घडवून ठेवतो फक्त. पाण्याबिना तो वस्तरा नाई, पट्टी हाय नुसती."

ही पळवाट ऐकून मी मनात हसलो. एसटीत असे फार भेटायचे, अर्ध्या तिकिटाच्या पोराला मांडीवर घेऊन तान्हं आहे म्हणणारे. ताराबाई सपरीच्या कडेला गेली, थुंकून आली आणि घण उचलला.

आरागिरणीतली एक मोठी मोडकी कानस त्यांनी वस्तऱ्यासाठी निवडली. कानशीचं पोलाद खाष्ट, विळ्याच्या लोखंडासारखं ऐकणारं नाही. जास्त तापलं तर जळतं, कमी तापवून ठोकलं तर तडकतं. पहिले दोन दिवस ताराबाईचा घण आणि मनसारामची सांडशी. ती मारायची, तो प्रत्येक घावाला कानस एवढीशी सरकवायचा. दोघांत एक शब्द नाही. मग लहान हातोड्याने पात्याची पाठ आणि धार वेगळी काढली. पाठ करंगळीच्या नखाएवढी जाड, तिथून उतरत उतरत धारेकडे कांद्याच्या पापुद्र्याएवढी. त्यापुढे घासणं. मनसाराम दगडावर पातं घासायचा, डोळे मिटून अंगठ्याने चाचपायचा, मेणाच्या पात्याला लावून बघायचा, पुन्हा घासायचा. हट्टी माणूस. पंधरा दिवस म्हणाला होता, बावीस लागले. पातं झालं, शिंगाची मूठ झाली, आणि ती पाणी न दिलेली पट्टी फडक्यात गुंडाळून सपरीच्या खांबाला खिळ्यावर टांगून ठेवली.

गावाला बातमी लागलीच. काही जण सपरीवरून जाताना खांबाकडे बघायचे नाहीत. बायनाबाई मात्र रोज काठी टेकत यायची. नव्वदीची म्हातारी, दातांचा पत्ता नाही, जिभेला हाड नाही. सपरीशी थांबून ओरडायची, "झाला का रे माहा वस्तरा?"

"पाणी राह्यलं बाई, मरा लवकर," ताराबाई आतून म्हणायची. दोघी खिदळायच्या.

मार्च सरता सरता मोहफुलं पडायला लागली. मोहफूल पहाटे गळतं, ऊन चढायच्या आत वेचावं लागतं, नाहीतर गुरं आणि रानडुकरं खाऊन जातात. ताराबाई चार बायकांबरोबर दिवस उजाडायला गेली. मी सातला सपरीत पोचलो तेव्हा मनसाराम स्वतःच पंखा फिरवत होता आणि करवादत होता, की विळे घ्यायला माणसं येतील आणि हिचा पत्ता नाही. तेवढ्यात बायका धावत आल्या. एकीच्या पायात चप्पल नव्हती. ती नुसती जंगलाकडे हात करत होती.

आम्ही वीस-पंचवीस माणसं लाठ्या आणि डबे वाजवत गेलो. ताराबाई मोहाच्या झाडापासून दूर, नाल्यात सापडली. मी काय पाहिलं ते लिहिणार नाही. तिची टोपली झाडाखालीच होती, अर्धी भरलेली, आणि जवळ खर्र्याची पन्नी. वाघाने मागून धरलं असं वनखात्याची माणसं म्हणाली. वाकून वेचणारा माणूस त्याला जनावरच वाटतो म्हणाले. मनसाराम त्यांचं बोलणं ऐकत उभा होता. त्याने टोपली उचलली, फुलं सांडू नयेत अशी धरली आणि घरी आणली.

गावाने लगेच निकाल लावला. वस्तऱ्याने माणूस शोधला. चहाच्या टपरीवर मी हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, अरे लाज वाटू द्या, त्याच जंगलात गेल्या साली दोघं गेली, तेव्हा कोणता वस्तरा टांगला होता? मोहफूल वेचल्याशिवाय घर चालत नाही आणि वाघाला जागा पुरत नाही, हे सरळ दिसत असताना कसल्या भाकडकथा सांगता? माझा आवाज चढला. लोक गप्प बसले, म्हणजे मी गेल्यावर पुन्हा बोलले. मला त्या पट्टीची भीती नव्हती आणि आजही नाही. पण दुसऱ्या दिवशी सपरीवरून जाताना बायनाबाई ओरडली नाही. पदर तोंडावर धरून गेली.

मनसारामला एकच मुलगी, रीता, गोंडपिपरीला दिलेली. ती नवऱ्याला घेऊन आली. मुलगा नाही म्हणून सगळे विधी मनसारामनेच केले. दहाव्याला मुंडनही त्याचंच व्हायचं. आठव्या दिवशी श्रीहरी येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, मी नवं ब्लेड आणतो. कोणी काई म्हणणार नाई."

"मी म्हणन," मनसाराम म्हणाला.

तो उठला, खांबावरचं फडकं काढलं आणि पट्टी उघडी करून हातात धरली. "याच्यावर तिचा घण पडला हाय. दोघायनं मिळून केलेलं शेवटचं काम हाय हे. तिच्या दहाव्याले हेच लागन. दुसरं काई डोक्याले लावू देणार नाई मी." ते नीट व्हावं, बस्स, एवढंच त्याला हवं होतं. बाकी कशात त्याचं मन राहिलं नव्हतं, जेवणातही नाही.

सुतकात लोहाराची भट्टी पेटत नाही. भाऊबंद कुरकुरले. मनसारामने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिच्या चितेले मीच आग लावली ना? मंग इथी लावली तर का होते?"

कोळसा पेटला. उजेड कमी करायला त्याने सपरीच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या तट्ट्या लावल्या. रीता दारातून आली. रडून तिचे डोळे सुजलेले होते.

"बाबा, मी बसतो पंख्यावर."

"नाई."

"बाबा, तुमाले..."

"नाई म्हटलं ना. मले दिसते."

रीताने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग बापाकडे पाहून मिटलं आणि आत गेली. आता बघा, तुला दिसत नाही असं त्याला कोणी म्हटलंच नव्हतं. मग तो दिसतं असं का म्हणाला? बिनतिकिटाचा माणूसच असा विचारायच्या आधी बोलतो, हे मला पोटापाण्याच्या धंद्याने शिकवलेलं. पण त्या दिवशी माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

"कंडक्टर, तू फिरव पंखा," मनसाराम म्हणाला.

मी फिरवला. पट्टी लाल झाली, आणखी लाल झाली आणि त्याने ती टोरीच्या तेलात, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलात बुडवली. ते बरं झालं. मोहाच्या तेलाचा धूर सपरीभर झाला आणि आम्ही दोघंही काही वेळ एकमेकांकडे पाहू शकलो नाही. मग त्याने पातं घासून चकचकीत केलं. मंद निखाऱ्यावर एक जाड लोखंड तापवून त्याच्यावर पात्याची पाठ टेकवली. आता रंग चढायची वाट पाहायची. तो पात्यावर वाकला होता, इतका की मिशा जळतील असं मला वाटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, रडतोय, रडू दे.

"कंडक्टर," तो खाली बघतच म्हणाला, "तणसावर आला का?"

मी पाहिलं. पात्यावर जांभळट छटा आली होती. काठाशी निळसर. सुंदर दिसत होती खरं तर. तणसाचा रंग मला ठाऊक नाही असं कसं म्हणू, धानाच्या गावात जन्मलो मी. पण मला वाटलं, ही त्यांच्या धंद्यातली बोली असेल. आणि त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आठ दिवस न जेवलेल्या, न झोपलेल्या माणसाचं तोंड. त्या तोंडाला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

"हो," मी म्हणालो. "आला."

त्याने पातं पाण्यात बुडवलं. लहानसा आवाज झाला. त्याने आठ वर्षं फसवलं म्हणालो मी वर, मला तेवढाही वेळ लागला नाही.

दहाव्याला अख्खं गाव घाटावर होतं. वैनगंगा उन्हाळ्याने आकसलेली, मधे वाळू. मनसाराम दगडावर बसला, मान खाली घातली. श्रीहरीने डोकं भिजवलं, वस्तरा उघडला. पातं झिंगू लोहाराच्या पात्यासारखंच होतं, तसूभर फरक नाही. श्रीहरीने कपाळापासून सुरुवात केली. पहिला हात नीट गेला. दुसऱ्या हाताला थांबला. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर पलटून पलटून घासला, पुन्हा लावला. केस कापले जाईनात, ओढले जायला लागले. तिसऱ्यांदा रक्त आलं. श्रीहरीने पातं उन्हात धरून धारेवर नख टेकवलं. धार त्या नखाखाली वाकली.

"भाऊ," श्रीहरी हलक्या आवाजात म्हणाला, पण घाटावर सगळ्यांना ऐकू गेलं, "पाणी चुकलं तुमचं."

मनसारामचं पाणी चुकलं हे वाक्य आमच्या गावात कोणी कधी ऐकलं नव्हतं. आता हा माझं नाव घेणार, म्हणणार की कंडक्टरने हो म्हटलं, असं मनात येऊन मी पाय मागे घेतला. मनसारामच्या कपाळावरून रक्ताची बारीक रेघ भुवईपर्यंत आली होती. ती त्याने पुसली नाही.

"माहं पाणी नवतंच कधी," तो म्हणाला. "दहा वरसं झाली, मले रंग दिसत नाई. उजेड दिसते, माणूस दिसते, रंग नाई दिसत. पाणी तिचं होतं. ती पाहत होती आन् रंग आला का उठून थुंकत होती. पंखा थांबला का मी बुडवत होतो. तुमी सारे माहं नाव घेत होते आन् मी घेऊ देत होतो. तिचं नाव मी एक डाव नाई घेतलं."

रीता मोठ्याने रडायला लागली. शंभर वेळा केलेला तो विनोद माझ्याच कानात वाजत होता. हुशार खर्रा!

श्रीहरीने खिशातून ब्लेड काढलं. मनसारामने त्याचा हात धरला. "यानंच कर."

"भाऊ, लय लागन तुमाले."

"लागू दे."

आणि श्रीहरीने त्याच वस्तऱ्याने ते पुरं केलं. दर चार केसांना धार पट्ट्यावर सरळ करायची, पुन्हा ओढायची. पाऊण तास लागला. मनसाराम हूं की चूं करत नव्हता. श्रीहरीच रडत होता. शेवटी पाण्यात डोकं बुडवून मनसाराम वर आला तेव्हा त्याच्या टाळूवर जागोजागी कातडी निघाली होती आणि लोक दुसरीकडे बघत होते.

मे महिन्यात मी आणि रीताने त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता, पण भट्टीच्या झळेने डोळ्याचा आतला पडदाच गेला आहे, त्याला आता इलाज नाही. मनसारामने मान हलवली. त्याला ते माहीत होतं. घरी आल्यावर तो विळे ठोकायचा, आकार द्यायचा आणि लोकांना तसेच परत द्यायचा. "पाणी नाई. दुसरीकडून द्या." माणसं एक-दोनदा आली, मग यायची थांबली. श्रीहरीने वस्तरा परत आणून खांबाच्या त्याच खिळ्यावर अडकवला. मी रोज डब्यावर बसत होतो आणि माझ्या त्या एका 'हो'बद्दल चकार शब्द काढत नव्हतो. त्यानेही काढला नाही.

भादव्यात बायनाबाई गेली. नव्वदी पार करून, झोपेत, खाटेवर. तिचा मुलगा बिरजू तिसऱ्या दिवशी सपरीत आला. तो स्वतः साठीचा. म्हणाला, "भाऊ, म्हातारी सांगून गेली. वस्तरा माहाच हाय म्हणे, मनसारामले पाणी द्याले लावजो."

मनसारामने खांबाकडे मान वळवली. चुकलेलं पाणी उतरवून पुन्हा देता येतं, पातं शाबूत असलं तर. तो उठला, मागे गोठ्यात गेला आणि सुकल्या तणसाची एक काडी घेऊन आला. ती माझ्या हातात दिली.

"ही धर पात्याजवळ," तो म्हणाला. "दोनी एकासारखे दिसले का सांग. पंखा फिरव."

पातं पुन्हा लाल झालं, पुन्हा तेलात गेलं, पुन्हा घासलं गेलं. मग मंद आच. मी काडी पात्याच्या शेजारी धरली. पातं पांढरंच होतं, अजून पांढरंच, मग कुठून कसा कोण जाणे, पिवळेपणाचा भास. आणखी थोडा. काडी आणि पातं, दोन्ही एक झाली. मी चाक सोडलं, उठलो, सपरीच्या कडेला गेलो आणि कोरड्या तोंडाने थुंकलो. मागे पाण्यात पातं बुडाल्याचा आवाज आला.

बायनाबाईच्या दहाव्याला बिरजूचं मुंडन दहा मिनिटांत झालं. रक्ताचा थेंब नाही. श्रीहरीने वस्तरा पुसला, कपाळाला लावला आणि फडक्यात गुंडाळला. मनसाराम जरा लांब, वाळूत उभा होता. तो बिरजूच्या गुळगुळीत डोक्याकडे बघत होता आणि त्याचा एक हात स्वतःच्या टाळूवरच्या खुणांवरून फिरत होता.

परत येताना आम्ही दोघंच मागे राहिलो. धानाच्या बांधावरून तो माझ्या पुढे चालत होता.

"तवा जांभळा झाला होता ना?" त्याने मागे न बघता विचारलं.

मी म्हणालो, "हो."

"मंग तणसावर आला काऊन म्हटला?"

"तुहं तोंड पाहून, मनसाराम. आठ दिवसाचं तुहं तोंड पाहून नाई म्हणता आलं नाई मले."

तो थांबला. मीही थांबलो. बांधाच्या दोन्ही अंगांना धान पोटरीत आलं होतं.

"तिनं मले कधी तोंड पाहून नाई सांगतलं," तो म्हणाला आणि चालायला लागला.